‘पश्चिमेचा वारा’ : एका संज्ञेची संदिग्धता

पालघर जिल्ह्यातील तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ पासून अरबी समुद्राच्या काठी आहे. अपघात घडल्यास वाऱ्याची दिशा व वेग, वातावरणाचे स्थैर्य आणि पर्जन्य यांवरून कोणत्या गावी किरणोत्साराची किती मात्रा पोहोचेल, याचे अनुमान बांधतात. वाऱ्यास मात्र तो जेथून येतो त्या दिशेचे नाव देतात. मराठीतील ‘पश्चिमेचा वारा’ही तसाच, परंतु ‘वाऱ्याची दिशा पश्चिम’ असे म्हणताच तो पश्चिमेकडे निघाला, असाही अर्थ होतो. तारापुरास या अर्थाने किरणोत्सारी मेघ समुद्रावर जाईल. वस्तुतः तो वस्तीवर येईल. फुकुशिमात २०११ साली अनुमाने वेळीच प्रसिद्ध झाली नाहीत, आणि नामिए येथील अनेक रहिवासी मेघाच्याच वाटेवर आश्रयास गेले. यास्तव सूचनेत ‘कडून’ व ‘कडे’ ही दोन्ही अव्यये असावीत. गावांची नावे दिल्यास अधिक बरे.