‘चालकाशी बोलू नये’

एस.टी.च्या गाडीत चालकाच्या पाठीमागे लिहिलेली एक सूचना आपण सर्वांनीच वाचलेली असेल. ‘वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये.’ 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. त्या काळी मोबाईल कोणाच्या स्वप्नातही नव्हता. तरीही चालकाचे लक्ष ही जपण्याची वस्तू आहे, ते दुसऱ्याने मोडता कामा नये, एवढी गोष्ट ही सूचना लिहिणाऱ्याला पक्की ठाऊक होती. आज आपण प्रत्येक जण खिशात एक बोलका सोबती घेऊन दुचाकीवर बसतो आणि ती जुनी सूचना विसरतो. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

आपल्या भागात बैलगाडीचा गाडीवान रात्री बाजाराहून येताना झोपी जात असे, हे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकतो. गाडीवान झोपला तरी बैल वाट ओळखून गाडी घरी आणीत. समोर माणूस आला तर बैल आपोआप थबकत. म्हणजे गाडीवानाचे लक्ष सुटले तरी बैलाचे लक्ष असे. मोटारसायकलला ही अक्कल नाही. तिच्यावर बसल्यावर सारे लक्ष एकट्या चालकालाच पुरवावे लागते. यंत्राने आपला वेग वाढवला, पण आपली जबाबदारीही तितकीच वाढवली, हे मात्र आपल्या ध्यानी येत नाही.

लक्ष तीन प्रकारांनी सुटते. डोळे रस्त्यावरून हटतात, हात हँडलवरून सुटतो आणि मन दुसरीकडे जाते. मोबाईल हे तिन्ही एकाच वेळी करतो. साधे गणित करून पाहू. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते. फोन कोणाचा आहे हे पाहण्यास तीन सेकंद लागले, तर गाडी 50 मीटर पुढे गेलेली असते. कबड्डीचे मैदान 13 मीटर लांब असते. म्हणजे जवळजवळ चार मैदानांचे अंतर आपण डोळे मिटून गाडी हाकली असे म्हणावे लागेल!

यावर काही मित्र म्हणतील, ‘आम्ही इअरफोन लावून बोलतो, हात मोकळे असतात.’ परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वाहन चालवताना फोन वापरणाऱ्यास अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो आणि हात मोकळे ठेवून बोलल्याने तो फारसा कमी होत नाही. याचे कारण मानसशास्त्र सांगते. 1999 साली अमेरिकेतील सायमन्स आणि शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चेंडू किती वेळा फेकला जातो हे मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांसमोरून गोरिलाचा वेष घेतलेली व्यक्ती चालत गेली, तरी सुमारे निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. डोळे उघडे होते, पण मन गुंतलेले होते. शेजारी बसलेला माणूस समोर वळण किंवा गाय दिसताच बोलणे थांबवतो. फोनवरच्या माणसाला आपला रस्ता दिसत नाही, म्हणून तो बोलतच राहतो.

26 एप्रिल 2018 रोजी उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात फाटकावर रखवालदार नसलेल्या रेल्वे-रुळांवर शाळेच्या गाडीला आगगाडीची धडक बसून 13 मुले दगावली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असे त्या वेळी सांगण्यात आले. त्या मुलांचा यात काय अपराध होता?

सर्वांत दुःखाची गोष्ट हीच की चूक एकाची असते आणि किंमत दुसराच देतो. 2022 साली भारतात रस्ते-अपघातांत 1 लाख 68 हजारांवर माणसे मेली. त्यांत सुमारे 44 टक्के दुचाकीवरील आणि जवळजवळ 20 टक्के पायी चालणारे होते. 7 मे 2024 रोजी आपल्याच जळगाव-पाचोरा रस्त्यावर रामदेववाडीजवळ मोटारीच्या धडकेने दुचाकीवरील एकाच कुटुंबातील चौघे गेले. त्यांत लहान मुले होती. त्या अपघाताचे कारण मोबाईल होते असे माझे म्हणणे नाही. परंतु मोठ्या वाहनापुढे लहान वाहनावरचा माणूस किती असहाय असतो, हे आपल्या जिल्ह्याने तेव्हा पाहिले. हाच रस्ता पुढे भडगावहून चाळीसगावकडे जातो. त्याच्यावर केळीचे ट्रक, कापसाचे ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि पायी शाळेत जाणारी मुले सगळी एकत्र चालतात.

उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, कारण मी स्वतःही चुकलो आहे. गेल्या वर्षी कापूस-वेचणीच्या दिवसांत कॉलेजातून गावी परतताना मी फोन कान आणि खांदा यांमध्ये धरून मोटारसायकल चालवीत होतो. मित्र परीक्षेचा फॉर्म भरण्याची तारीख विचारत होता. कडेने एक बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन चालली होती. ती मला दिसलीच नाही. हँडल भाऱ्याला लागले, भारा विस्कटला आणि ती खाली बसली. सुदैवाने तिला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. मी चारा गोळा करू लागलो, तेव्हा ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “भाऊ, बोलनं व्हतं ते गाडी उभी करीसन बोलनं व्हतं.” हात दोन इंच इकडे-तिकडे झाला असता तर? फॉर्मची तारीख तर नोटीस-बोर्डावर लावलेलीच होती.

कायदाही आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 184 नुसार वाहन चालवताना हातात फोन धरून वापरणे हा गुन्हा असून पहिल्या वेळी 1 ते 5 हजार रुपये दंड, किंवा 6 महिने ते 1 वर्ष कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघात झाल्यास जखमीला दवाखान्यात पोहोचवण्याचे कर्तव्य कलम 134 चालकावर टाकते. मदत करणाऱ्या वाटसरूला त्रास होऊ नये म्हणून 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या आणि 2019 च्या दुरुस्तीने त्याला कायद्याचेही संरक्षण मिळाले. तेव्हा जखमीला उचलताना पोलिसांच्या भीतीने मागे सरण्याचे कारण उरलेले नाही.

पण प्रत्येक वळणावर पोलीस उभा राहू शकत नाही. म्हणून दोन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, गाडीवर असताना फोन वाजला तर बाजूला थांबून बोलावे, नाहीतर वाजू द्यावा. दुसरी गोष्ट फोन करणाऱ्यासाठी आहे. माझे वडील ट्रॅक्टर चालवतात. आता मी त्यांना फोन केला की आधी विचारतो, “आप्पा, तुम्ही गाडीवर आहात का?” ‘हो’ म्हणाले की लगेच फोन ठेवतो. चालकाशी बोलू नये ही सूचना मुळात चालकासाठी नव्हतीच, ती आपणा प्रवाशांसाठी होती. फोन लावणारा प्रत्येक जण आज तसाच प्रवासी आहे.

मित्रहो, गाडीवर बसल्यावर आपले लक्ष आपल्या एकट्याचे राहत नाही. डोक्यावर भारा घेऊन कडेने चालणाऱ्या त्या बाईचाही त्यावर हक्क असतो. तो आपण राखावा, एवढेच नम्रपणे सांगावेसे वाटते.