वाऱ्याला सातबारा नसतो

तेलंगणातील आदिलाबादच्या काळ्या रानात मळणीयंत्रे येण्यापूर्वी ज्वारी उफणणारा शेतकरी तिवईवर चढला की प्रथम मूठभर भूस हवेत सोडी, ते कोणीकडे आणि किती लांब जाते हे निरखून पाही, आणि वारा पडलेला असेल तर सूप खाली ठेवून मुकाट्याने सावलीला जाऊन बसे. पवनविद्युतेच्या विस्ताराची स्वप्ने पाहणाऱ्यांनी हा अदमास घेण्याची रीत आधी शिकून घ्यावी, असे मला वाटते.

कारण वाऱ्याचा हिशेब सरळ त्रैराशिकाचा नाही. त्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला चार मीटरचा वारा सहा मीटरचा झाला, तर वेग दीडपट झाला तरी शक्ती तिपटीहून अधिक होते. शिवाय त्या शक्तीपैकी ५९.३ टक्क्यांहून अधिक हिस्सा कोणत्याही पवनचक्कीच्या हाती लागणे शक्य नाही, ही बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने घालून दिलेली मर्यादा आहेच. म्हणूनच सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे व चाळकेवाडीची पठारे आणि धुळ्याच्या साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलचा माळ पवनचक्क्यांनी गजबजले. आणि समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या आदिलाबादच्या क्षितिजावर मात्र तशी रांग उभी राहिली नाही.

येथे उंचीचा प्रश्न उपस्थित होतो. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे जमिनीपासून १०० मीटरवर तेलंगणाची क्षमता सुमारे ४,२०० मेगावॉट, तर अवघी २० मीटर अधिक वर गेल्यास ती सुमारे २४,८०० मेगावॉट भरते. प्रत्यक्षात मात्र राज्यातील उभारणी कित्येक वर्षे १२८ मेगावॉटवरच खिळून राहिली. उंच मनोरा म्हणजे लांब पाते. साठ-सत्तर मीटरचे ते अखंड पाते लांबलचक ट्रेलरवर लादून निर्मळजवळच्या महबूब घाटासारख्या वळणांवरून न्यायचे, म्हणजे वाटेतील मोऱ्या, विजेच्या तारा आणि झाडांच्या फांद्या यांची आगाऊ तजवीज करणे आले.

त्याहून बिकट प्रश्न जमिनीचा. निजामी अमदानीत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते वेगळे झाले आणि नव्या सीमेच्या किनवट-राजुऱ्याकडील बाजूला सातबारा, आदिलाबादकडे पहाणी नावाचा उतारा असा दफ्तरभेद पडला. वाऱ्याला सातबारा नसतो; मनोऱ्याच्या पायाला मात्र तो लागतो. आदिलाबादेतील गोंड-कोलामांच्या अनुसूचित मुलखात तर १९७० च्या पहिल्या विनियमाने, ज्याला तिकडे ‘वन ऑफ सेव्हंटी’ म्हणतात, आदिवासींची जमीन इतरांकडे हस्तांतरित करण्यास बंदी आहे. १९८१ साली इंद्रवेल्लीत याच जमिनीच्या तक्रारींसाठी जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला होता, हे ज्यांना स्मरते त्यांना या कायद्याची थोरवी सांगावी लागत नाही. भरीस कवाल अभयारण्य २०१२ पासून व्याघ्रप्रकल्प आहे, आणि यवतमाळच्या टिपेश्वरातील वाघ पैनगंगा ओलांडून ये-जा करतात. त्यांच्या वाटेवर रस्ते व तारा टाकताना वनखात्याची परवानगी ही केवळ औपचारिकता समजून चालणार नाही.

आणि वाऱ्याचे वेळापत्रक ग्राहकाच्या सोयीने ठरत नाही. आपल्याकडे पवनविजेचा मोठा वाटा मोसमी महिन्यांतच निर्माण होतो. उन्हाळ्याच्या रात्री पंखे फिरत असतात तेव्हा पाते स्तब्ध असू शकते. ती तूट भरून काढण्यास साठवण हवी, किंवा दूरवरून वीज आणणाऱ्या पारेषण वाहिन्या हव्यात, आणि त्या उभारण्यास पवनचक्कीहून अधिक वर्षे लागतात. दराच्या बाजूने पाहिले तर २०१७ साली पवनविजेच्या खरेदीत लिलावाची पद्धत आली, पहिल्याच फेरीत दर युनिटला ३ रुपये ४६ पैशांवर घसरला, घसाऱ्याची करसवलत निम्मी झाली, आणि उभारणीचा वेग काही वर्षे मंदावला, हाही बोध विसरण्याजोगा नाही.

तेव्हा आदिलाबादने सह्याद्रीची नक्कल करू नये. जेथे वारा आहे तेथली वीज भक्कम तारांनी इकडे आणावी. इथल्या माळांवर काही करायचेच असेल, तर आधी मोजणीचा मनोरा रोवावा, ग्रामसभेला त्याचे आकडे दाखवावेत. आणि पुऱ्या एका वर्षाची नोंद हाती येईतो एकाही एकराचा पट्टा बदलू नये.