जिंकली म्हणजे नेमकं काय केलं?



आठ मार्च जवळ आला की आपल्या प्रत्येक ग्रामसंघात तयारी सुरू होते. संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, रस्सीखेच. मेळावा एका दिवसात उरकतो, पण त्यावरचा वाद पंधरा दिवस चालतो. "त्यांनी रडीचा डाव खेळला", "पंच त्यांच्याच वाडीचे होते", "कुकर दरवर्षी त्याच गटाला कसा?" म्हणून यंदा स्पर्धेच्या आधीच थोडं बोलून घेऊ. खेळात एखादी जिंकली असं आपण म्हणतो, तेव्हा तिनं नेमकं काय केलेलं असतं?

वरवर बघितलं तर सोपं आहे. नियम ठरलेला असतो, नियमाप्रमाणे जी पुढं ती जिंकली. पण नियम एवढंच सांगतो की आज या मैदानावर कोण पुढं राहिलं. कोण कुठून निघालं होतं, ते नंबरात लिहिलेलं नसतं.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचं नाव काढलं की आधी दुष्काळ आठवतो. त्याच तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर. 2016 साली रिओ ऑलिम्पिकमध्ये ती 3000 मीटर स्टीपलचेस धावली. ही साधी पळण्याची शर्यत नव्हे. वाटेत 28 अडथळे ओलांडायचे, शिवाय सात वेळा पाण्यावरून उडी घ्यायची. पाय भिजलेले, दम लागलेला, तसंच पुढं पळायचं. प्राथमिक फेरीत तिनं 9 मिनिटं 19.76 सेकंद अशी वेळ देऊन राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरी गाठली. ट्रॅकवरच्या शर्यतीत भारतीय बाईनं ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणं हे 1984 नंतर, म्हणजे पी. टी. उषा यांच्यानंतर, पहिल्यांदाच घडत होतं. मधे 32 वर्षं गेली होती.

अंतिम फेरीत ललिताचा नंबर आला दहावा.

आता सांगा, ती हरली का? कागदावर तिच्यापुढे नऊजणी आहेत, ते खोटं नाही. पण आपल्या देशातली कुठलीच बाई या शर्यतीत तोवर एवढी जोरात धावली नव्हती, हेही तितकंच खरं. नंबर दुसऱ्यांशी मोजला जातो, वेळ स्वतःशी. धावणाऱ्या मुली दोन्ही हिशोब ठेवतात. आपण घरातली माणसं मात्र एकच विचारतो, "कितवा नंबर आला?"

हे मुद्दाम सांगतेय, कारण या एका प्रश्नावर आपल्या गावात मुलींचं मैदान सुटतं. पोरगी शाळेकडून तालुक्याला कबड्डी खेळायला जाते, नंबर येत नाही, की घरात सुरू होतं, "कशाला एसटीचा खर्च? मोठी झाली आता, घरात लक्ष दे." नंबराला किंमत नाही असं मी म्हणणार नाही. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत पाच टक्के जागा खेळाडूंसाठी असतात, आणि त्यासाठी वरच्या पातळीवर खेळावं लागतं. पण पहिल्या वर्षी हरलेल्या मुलीला घरी बसवलं तर ती वरच्या पातळीला जाणार कधी? त्याच घरातल्या मुलाला मात्र क्रिकेटमध्ये नंबर आला का, असं कुणी विचारत नाही. तो नुसताच खेळतो. म्हणून तिला एक प्रश्न वेगळा विचारून बघा. "मागच्या वेळेपेक्षा काय बरं जमलं?" ती लगेच सांगेल. दोन चढाया जास्त केल्या, किंवा पकड सुटली नाही.

कबड्डीवरून एक गोष्ट आठवली. आशियाई खेळांत महिलांची कबड्डी 2010 पासून आहे. 2010 आणि 2014, दोन्ही वेळा सुवर्णपदक भारताचं. 2018 ला जकार्तात मात्र अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी आपल्याला 27-24 असं हरवलं. आपल्या मातीतला खेळ, आणि आपण हरलो! पण इराणच्या मुलींना शिकवणारी कोण होती? नाशिकच्या शैलजा जैन. म्हणजे जिंकलेल्या संघामागं एक महाराष्ट्राचीच बाई उभी होती.

त्यात काहींना वाईट वाटलं असेल. मला वाटत नाही. समोर तोडीस तोड कुणी नसेल तर जिंकणार कुणाला? 2023 ला हांगझोऊमध्ये भारताच्या मुलींचा चायनीज तैपेईशी साखळी सामना 34-34 असा बरोबरीत सुटला, आणि अंतिम सामन्यात त्यांनाच आपण 26-25 असं हरवलं. एका गुणानं! वीस गुणांनी मिळालेल्या सोन्यापेक्षा हे सोनं मला वजनानं जास्त वाटतं.

म्हणूनच आपल्याकडची एक सवय मला खटकते. संगीत खुर्चीत शेवटी अध्यक्षाताई आणि एखादी नवी सून उरली, की सून हळूच बाजूला होते. मान ठेवला म्हणून सगळ्या कौतुक करतात. पण त्यात अध्यक्षाताईंच्या हाताला काय लागलं? जिंकल्याचं बक्षीस मिळालं, जिंकणं मिळालं नाही. आणि सुनेला तर खेळायलाच मिळालं नाही. मान हळदीकुंकवाला द्या, पाया पडताना द्या. खुर्चीसाठी मात्र पळा.

आता रस्सीखेच, कारण सगळ्यात जास्त भांडण तिथंच. हा खेळ 1900 ते 1920 पर्यंत ऑलिम्पिकमध्येसुद्धा होता. त्याच्या रीतसर स्पर्धांत दोन्हीकडे आठ-आठजण असतात आणि संघाचं एकूण वजन ठरलेल्या मर्यादेत असावं लागतं. समोरच्या संघाला चार मीटर ओढलं की डाव जिंकला. वजन का बघतात? कारण भारी गटानं हलक्या गटाला ओढलं, तर त्यातून काहीच कळत नाही. तराजूत दगड टाकल्यावर पारडं खाली जाणारच.

तेव्हा यंदा असं करू. उपकेंद्रातला वजनकाटा मागून आणायचा, आठ-आठजणींची बेरीज शक्य तितकी सारखी करायची, मग दोर हातात द्यायचा. वजनाचा आकडा मोठ्यानं वाचायचा नाही आणि हसायचं तर अजिबात नाही. या खेळात वजनदार ताई म्हणजे संघाचा खुंटा! साठीच्या पुढच्या आणि विशीतल्या बायका लिंबू-चमच्याला एका रांगेत उभ्या करू नका, वेगळे गट करा. पंच दुसऱ्या गावच्या ग्रामसंघाकडून बोलवा.

फुगडीला यंदा बक्षीस ठेवलेलं नाही. काहीजणी नाराज आहेत. पण फुगडीत एकीनं हात सोडला की दोघी पडतात, तिथं कुणाचा नंबर काढणार?

दोर सुती घ्यायचा, नायलॉनचा नको, त्यानं तळहात सोलतात. दोराचा वेढा हाताला किंवा कमरेला मारायचा नाही, बोटं चिरडतात. साडी चालेल, पण पदर आणि निऱ्या घट्ट खोचून या, चपला बाहेर काढा. आठजणींची नावं आपल्या गावच्या सीआरपी ताईंकडे द्या. नववा अंक मोकळा ठेवा, ऐनवेळी कुणाची कंबर धरली तर बदली ताई लागेल.