सुट्टी टाकून विमानं बघायला!

दादाने ऑफिसातून दोन दिवस रजा टाकली तेव्हा मॅनेजरला कारण सांगितलं, 'पर्सनल'. आता 'डोंगरावर बसून लढाऊ विमानांचे फोटो काढायचेत' असं कसं सांगणार? आणि वीकेंडला जाऊन उपयोग नाही, कारण शनिवार-रविवारी ही विमानं सहसा उडतच नाहीत!

हा माझा मावसभाऊ. लंडनजवळ सॉफ्टवेअरमध्ये आहे, पुढच्या महिन्यात कायमचा पुण्याला परततोय. जायच्या आधी एकच हट्ट होता : मॅक लूप. वेल्समधल्या डोलगेथलाय आणि मखन्लेथ या गावांमधल्या (उच्चार चुकला असेल तर वेल्श मंडळींनी माफ करावं) दऱ्यांचं हे वेटोळं. ब्रिटनची रॉयल एअर फोर्स आणि अमेरिकन हवाई दल इथे कमी उंचीवरून उडण्याचा सराव करतात. जेट विमानांना जमिनीपासून अडीचशे फुटांपर्यंत खाली यायची मुभा आहे. दरी खोल, त्यामुळे उतारावर बसलेल्या माणसाला विमान चक्क खालून जाताना दिसतं. कॉकपिटसकट!

लंडनहून पाच तास ड्राइव्ह केलं, ए487 रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि छातीवर येणारा चढ चढलो. वर पंधरा-वीस जण आधीच ठाण मांडून. फोल्डिंग खुर्च्या, थर्मास, हातभर लांब लेन्स. एका आजोबांनी बिस्किटं पुढे केली. पहिला दिवस ढगांनी खाल्ला. आठ तासांत मेंढ्या सोडून काही हललं नाही. मी वैतागले, दादा गप्प.

तो विमाननगरला वाढलाय. 1997 मध्ये लोहगावला सुखोई आली, तेव्हा तो शाळेत होता. गच्चीत उभा राहून आवाजावरून विमान ओळखायचा. पण लोहगाव हवाई दलाचा तळ, फोटोला मनाई. इतकी वर्षं डोक्यावरून गेलेल्या विमानांचा त्याच्याकडे एकही फोटो नाही. मनाईबद्दल त्याची तक्रारही नाही. 'बरोबरच आहे ते,' म्हणतो. पण म्हणूनच हा डोंगर त्याला हवा होता.

दुसऱ्या दिवशी ऊन. सकाळी दोन हॉक येऊन गेली. वेल्समधल्याच व्हॅली तळावर याच विमानांवर वैमानिक शिकतात. आपल्याकडे बिदरलाही हॉकच आहे. दादाने शटर हजारांशाच्या वर ठेवलं होतं, तरी दोन्ही वेळा फ्रेममध्ये नुसतं शेपूट. लेन्स विमानाच्या वेगाने फिरवत राहायची, हे ऐकायला सोपं आहे हो!

दुपारी खालून कुणीतरी ओरडलं. आवाज नंतर आला. आधी डावीकडून एक राखाडी एफ-15 तिरकं होऊन आलं, पंखांच्या टोकांना पांढरी वाफ, पाठोपाठ दुसरं. मग छातीत धडधडवणारा गडगडाट. तीन-चार सेकंद. माझा कॅमेरा गळ्यातच राहिला.

दादा बराच वेळ स्क्रीन बघत होता. मग माझ्यापुढे धरली. टिपलं होतं! वैमानिकाने मान आमच्याकडे वळवलेली, मागच्या सीटवरचा खाली बघतोय.

फोटो लगेच मावशीला गेला. तिचा रिप्लाय आला : 'दोघांचं नुसतं हेल्मेटच दिसतंय की रे!'

दादाने झूम करून पुन्हा पाठवला.