बाखचें संगीत व त्याच्या काळचीं वाद्यें

जर्मनींतील लाइप्झिग नगरांत योहान सेबास्तियन बाख हे १७२३ पासून १७५० सालीं मृत्यु येईपर्यंत संगीताचे आचार्य होते. त्यांचे सुमारें दोनशें धार्मिक कंताता आज उपलब्ध आहेत. कंताता हा गायक व वाद्यें यांनीं मिळून सादर करावयाचा, अनेक भागांचा गीतप्रबंध होय.

पुढें काळ लोटला तशीं वाद्यें पालटलीं. व्हायोलिनवर आंतड्याच्या तांतींच्या जागीं धातूच्या तारा आल्या. ट्रंपेटला कळा बसल्या. लांकडी बांसरी धातूची झाली. मोठ्या सभागृहांत आवाज दूरवर पोंचावा हा हेतु होता व तो सफळहि झाला. गायकवृंदहि वाढले. मेंडेल्सझोन यांनीं १८२९ सालीं बर्लिन येथें मत्तयकृत शुभवर्तमानावरील बाख यांचें दुःखसहन-संगीत सुमारें दीडशें गायकांकडून गाववून विस्मृतींतून वर काढिलें. त्यांचे उपकार मोठे. परंतु त्यांनीं कृति पुष्कळ आंखूड केली व प्रचारांतून गेलेल्या वाद्यांऐवजीं क्लॅरिनेट योजिले.

यांत बिघडलें काय, असें कोणी विचारील. बिघडलें तें प्रमाण. बाख यांच्या रचनेंत गायकाचा कंठ, ओबो व व्हायोलिन हे एकाच वस्त्रांतील धागे असतात. एक धागा जाड झाला कीं दुसरा झांकला जातो. तांतीचा स्वर मृदु असल्यामुळें गायकाचा शब्द बुडत नाहीं. कळा नसलेल्या ट्रंपेटवर, आपल्या तुतारीप्रमाणें, सारे स्वर केवळ ओठांनीं व श्वासानें काढावे लागतात. तें काम अवघड, पण नाद उजळ असूनहि कंठांशीं मिळून राहतो.

म्हणून विसाव्या शतकांत कांहीं वादकांनीं जुनीं वाद्यें, किंवा त्यांबरहुकूम घडविलेलीं नवीं, पुनः हातीं घेतलीं. व्हिएन्ना येथें निकोलाउस हार्नोनकूर यांनीं १९५३ सालीं असा वाद्यवृंद स्थापिला. आम्स्टरडॅम येथें हें शास्त्र शिकलेले मासाआकी सुझुकी यांनीं १९९० सालीं जपानांत ‘बाख कोलेजियम जपान’ हा गायक-वादकांचा संघ काढिला. सुझुकी यांच्या जन्मगांवीं, कोबे येथें, जानेवारी १९९५ मध्यें भीषण भूकंप झाला. त्याच वर्षीं तेथील एका विद्यालयाच्या प्रार्थनामंदिरांत संघानें कंतातांच्या ध्वनिमुद्रणास आरंभ केला. २०१३ सालीं ५५ व्या खंडानें हें कार्य पुरें झालें.

भाषा जर्मन, वाद्यें दोन शतकें मागें पडलेलीं, आणि बहुतेक गाणारे जपानी! तरी २०१२ सालीं खुद्द लाइप्झिग नगरानें आपलें बाख-पदक सुझुकी यांस अर्पिलें. विद्यार्थिमित्रहो, परक्या देशाची विद्या अशा निष्ठेनें अभ्यासिली, तर ती कोणासहि आपलीशी करितां येते.