घरातला सर्व्हर आणि त्याचा पत्ता

‘फोटो क्लाउडवर आहेत’ असे आपण आता इतक्या सहज म्हणतो की, ते नेमके कोठे आहेत हा प्रश्नच मनात येत नाही. ढगात काही ठेवता येत नाही, हे तिसरीतल्या मुलालाही ठाऊक असते. क्लाउड म्हणजे कोणाच्या तरी मालकीची इमारत, तिच्यात ओळीने मांडलेले संगणक आणि त्यांना अखंड पुरवलेली वीज व थंड हवा. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओ.व्ही.एच. या कंपनीची अशीच एक इमारत आगीत भस्मसात झाली. ज्या ग्राहकांनी दुसरी प्रत अन्यत्र ठेवली नव्हती, त्यांची माहिती कायमची गेली. आग क्वचितच लागते, पण सेवाच गुंडाळली जाण्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. लाखो लोकांची घरगुती संकेतस्थळे जिच्यावर होती ती जिओसिटीज ही सेवा याहूने २००९ साली जपान वगळता सर्वत्र बंद केली. भारतात एके काळी तरुणांच्या तोंडी असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी थांबले.

मग छायाचित्रे, टिपणे, दिनदर्शिका, शाळेतील कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे यांसाठी लागणारी सेवा आपल्याच घरातील संगणकावर चालवता येईल का? येते, आणि अनेक हौशी मंडळी ती चालवतातही. यंत्र आणि प्रोग्रॅम मिळवणे हा त्यातला सोपा भाग आहे. अवघड गोष्टी दोन. घराला बाहेरून सापडेल असा पत्ता नसतो आणि यंत्राला राखणदार लागतो. पहिल्या अडचणीवर तांत्रिक उपाय आहेत, दुसरीवर नाहीत.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर हे काही वेगळ्या जातीचे यंत्र नव्हे. कोणी मागणी करील याची वाट पाहत राहणारा आणि मागणी येताच उत्तर देणारा प्रोग्रॅम ज्या संगणकावर चालू आहे, तो सर्व्हर. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस जिनीव्हाजवळच्या सर्न या संस्थेत जगातील पहिला वेब सर्व्हर सुरू केला, तो त्यांच्या कामाच्या टेबलावरच्या नेक्स्ट संगणकावर. कोणी चुकून तो बंद करील म्हणून ‘हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका’ अशा अर्थाची चिठ्ठी त्यांनी लाल शाईने लिहून त्यावर चिकटवली होती. सदैव चालू राहणे ही सर्व्हरची पहिली गरज आहे, हे त्या चिठ्ठीतून कळते.

ही कल्पना वर्गात दाखवून देता येते. पायथन ही संगणकभाषा शाळेच्या संगणकावर असेल तर तिच्याबरोबरच एक छोटा सर्व्हर आलेला असतो. तो एका ओळीच्या आज्ञेने सुरू होतो आणि सांगितले नाही तर ८००० हा दरवाजा वापरतो. (संगणकावरील निरनिराळ्या सेवांना असे दरवाजा-क्रमांक असतात. त्यांना पोर्ट म्हणतात.) एका रिकाम्या फोल्डरमध्ये दोन-चार चित्रे ठेवून तेथूनच सर्व्हर सुरू करावा. फोल्डर रिकामाच घ्यावा, कारण त्यात जे असेल ते सर्वांना दिसते. मग त्याच वाय-फायवरच्या मोबाइलमध्ये संगणकाचा पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५, त्यापुढे अपूर्णविराम आणि ८००० असे टाइप करावे. चित्रांची यादी मोबाइलवर उमटते आणि प्रत्येक मागणीबरोबर संगणकाच्या पडद्यावर एक नवी ओळ छापली जाते. आपल्या बोटाच्या स्पर्शाने दुसऱ्या यंत्रावर ओळ उमटताना मुलांनी पाहिली की ‘सर्व्हर’ या शब्दाची व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही.

प्रयोगाचे पुढचे दोन भाग अधिक महत्त्वाचे आहेत. वाय-फाय राउटरला बाहेरून येणारी इंटरनेटची तार काढून टाका. चित्रे अजूनही दिसतात, म्हणजे इमारतीच्या आतल्या देवघेवीला इंटरनेट लागतच नाही. आता तार पुन्हा जोडा, मोबाइलचे वाय-फाय बंद करा आणि मोबाइल डेटावरून तोच पत्ता उघडून पाहा. काहीही दिसत नाही. संगणक समोर आहे, चालू आहे, इंटरनेटला जोडलेलाही आहे, तरी सापडत नाही. असे का?

चाळीतला पी.पी. फोन

इंटरनेटवरील पत्त्याची जुनी आणि अजूनही सर्वत्र वापरात असलेली पद्धत, म्हणजे आय.पी. आवृत्ती ४, ही ३२ द्विमान अंकांची आहे. त्यामुळे एकूण पत्ते २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ एवढेच होतात. सुमारे ४३० कोटी. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या पुढे गेली आहे आणि एकेका माणसाकडे दोन-दोन, तीन-तीन उपकरणे आहेत. पत्त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला.

ही टंचाई येणार हे आधीच दिसत होते. म्हणून पत्त्यांचे काही गट केवळ अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले गेले आणि १९९६ साली त्यांचा नियम ठरला. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच. आपल्या घरात १९२.१६८.१.५ आहे, शेजारी आहे आणि चिलीतल्या एखाद्या घरातही असेल. ‘दुसरा मजला, उजवीकडची खोली’ एवढाच पत्ता टाकून पोस्टात पत्र टाकले, तर ते कोठे पोचणार? मोबाइलवर काहीच का दिसले नाही, याचे उत्तर हे आहे.

मग घरातून इंटरनेट चालते तरी कसे? ज्यांनी चाळीतला पी.पी. फोन पाहिला आहे, त्यांना हे चटकन कळेल. साऱ्या चाळीत एकच टेलिफोन. बाहेर फोन कोणीही करावा. आपला राउटर त्या फोनवाल्या शेजाऱ्यासारखा असतो. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मागणीवर तो घराचा एकमेव सार्वजनिक पत्ता घालतो आणि कोणत्या उपकरणाची मागणी कोणत्या क्रमांकाने बाहेर पाठवली याची नोंद एका तक्त्यात ठेवतो. उत्तर आले की तक्ता पाहून ते योग्य उपकरणाला देतो. मात्र बाहेरून कोणी आपणहून आले आणि तक्त्यात तशी नोंद नसली, तर ते कोणासाठी हे राउटरला समजत नाही. तो ते टाकून देतो. घरात सर्व्हर असलेल्याला शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवावे लागते, ‘४४३ नंबरची चौकशी आली की आमच्याकडे पाठवा.’ राउटरच्या भाषेत याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

येथवर ठीक. पण टंचाई वाढल्यावर इंटरनेट पुरवणाऱ्या अनेक कंपन्यांनी शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देण्यास सुरुवात केली. आता फोन आपल्या चाळीत नाहीच, तो साऱ्या पेठेत मिळून एक आहे आणि त्याचा तक्ता कंपनीच्या हाती आहे. आपल्या राउटरला कितीही सूचना दिल्या तरी मागणी तेथवर पोचतच नाही. या दुहेरी व्यवस्थेसाठी २०१२ साली १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत सुरू होणारे पत्ते राखून ठेवण्यात आले. आपल्या राउटरच्या माहितीच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहावा. तो या गटातला असेल, तर आपण पेठेच्या फोनवर आहोत असे समजावे.

यातून तीन वाटा निघतात. जास्तीचे पैसे भरून कंपनीकडून कायमचा सार्वजनिक पत्ता घेणे ही पहिली. जेथे मिळत असेल तेथे ती सर्वांत सरळ. दुसरी वाट आय.पी. आवृत्ती ६ ची. तिचा पत्ता १२८ द्विमान अंकांचा असतो, म्हणून एकूण पत्ते ३४ वर ३७ शून्ये एवढे होतात. एका घराला एरवी मिळणाऱ्या गटातच २ चा ६४ वा घात इतके पत्ते असतात, म्हणजे आवृत्ती ४ च्या साऱ्या जगाचा वर्ग! भारतात २०१६ नंतर मोबाइल जाळ्यांमधून ही आवृत्ती झपाट्याने पसरली आणि तिच्या वापरात आपण जगात आघाडीवर आहोत. अडचण एवढीच की, पाहणारा केवळ जुन्या आवृत्तीच्या जाळ्यावर असेल, तर त्याला आपला नवा पत्ता उघडता येत नाही.

तिसरी वाट मला सर्वांत बोधप्रद वाटते. आत येणे बंद असले तरी बाहेर जाणे कधीच बंद नव्हते. म्हणून घरातला संगणकच बाहेरच्या, सार्वजनिक पत्ता असलेल्या एखाद्या यंत्राशी जोडणी करतो आणि ती तोडत नाही. बाहेरच्या मागण्या त्या यंत्राकडे येतात आणि उघड्या राहिलेल्या जोडणीतून घरी पोचतात. फोनवर आपणच बोलावून घेतलेल्या माणसाने रिसीव्हर खाली न ठेवता येणारे निरोप सांगत बसावे, तसे हे. या जोडणीला बोगदा म्हणतात. वायरगार्ड या नावाची त्याची एक सुटसुटीत पद्धत मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच अंतर्भूत आहे. अर्थात बाहेरचे ते यंत्र भाड्याचे किंवा दुसऱ्या कोणाचे तरी असते, म्हणजे स्वावलंबन पूर्ण झाले असे नव्हे.

दार उघडल्यावर

पत्ता मिळाला की पाहुण्यांबरोबर चोरही येतात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली झेडमॅप हा प्रोग्रॅम तयार केला. वेगवान जोडणी असेल तर आवृत्ती ४ च्या जवळजवळ सर्व पत्त्यांवर एक विशिष्ट दरवाजा उघडा आहे का, हे त्याला ४५ मिनिटांत पाहता येते. संशोधकांना जे जमते ते इतरांनाही जमते. ‘माझ्या छोट्या घराकडे कोण बघतो?’ या म्हणण्याला त्यामुळे अर्थ उरत नाही. कोणी मुद्दाम बघत नाही, सगळ्यांचीच दारे ठोठावली जातात. २०१६ साली मिराई या घातक प्रोग्रॅमने घरगुती कॅमेरे आणि राउटर लाखोंनी ताब्यात घेतले, ते कारखान्यातून येतानाच घातलेले सुमारे साठ सांकेतिक शब्द वापरून पाहून.

म्हणून घरच्या सेवेचे दार सर्वांसाठी उघडूच नये, असे माझे मत आहे. बोगद्याची किल्ली फक्त घरातल्या माणसांच्या मोबाइलमध्ये असावी. एखादे पान जगाला दाखवायचेच असेल तर निदान जोडणी सांकेतिक करावी. लेट्स एनक्रिप्ट ही ना-नफा सेवा २०१५ पासून त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र फुकट देते. मुदत थोडी असते, पण नूतनीकरण आपोआप होते.

यंत्राचा खर्च मुलांकडून काढून घेता येईल. रास्पबेरी पाय हा पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक समजा ५ वॅट वीज घेतो. महिन्याचे तास ७२०, म्हणजे ३.६ युनिट. अडगळीतला जुना डेस्कटॉप ६० वॅट घेत असेल तर ४३.२ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ३६ रुपये आणि ४३२ रुपये. जुना संगणक फुकट मिळाला तरी तो वर्षभर चालवणे फुकट नसते. वीज जाण्याचा हिशेबही करावा. सेवा ९९ टक्के वेळ चालू असते म्हटले की कान सुखावतात, पण उरलेला एक टक्का म्हणजे वर्षाला ८७.६ तास, साडेतीन दिवसांहून अधिक. छायाचित्रांच्या संग्रहाला एवढा खंड चालतो. मात्र डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज गेली तर नोंदी बिघडतात, म्हणून छोटा यू.पी.एस. हवाच.

सेवेसाठी लागणारे प्रोग्रॅम चांगले आणि खुले आहेत. फाइली व दिनदर्शिकेसाठी नेक्स्टक्लाउड, छायाचित्रांसाठी इमिच. ई-मेलचा सर्व्हर मात्र घरी ठेवू नये. पत्रे येतात, कारण आपला सर्व्हर थोडा वेळ बंद असला तरी पाठवणारा पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. आपण पाठवलेली पत्रे मात्र इतरांचे सर्व्हर स्वीकारत नाहीत. घरगुती पत्त्यांवरून कचरापत्रे फार सुटतात, म्हणून ते पत्तेच संशयित ठरलेले असतात.

सर्वांत जास्त नुकसान होते ते प्रतींच्या बाबतीत. दोन डिस्क जोडून दोन्हींवर एकच माहिती लिहिली, तर एक डिस्क बिघडली तरी काम चालते. पण चुकून एक फोल्डर पुसले तर ते दोन्हींवरून एका क्षणात पुसले जाते. ही प्रत नव्हे, हा आरसा झाला. खरी प्रत वेगळ्या डिस्कवर आणि निदान एक तरी वेगळ्या घरी असावी. स्ट्रासबर्गच्या आगीत वाचले ते असेच केलेले ग्राहक. वर्षातून एकदा, मे महिन्याच्या सुटीत, त्या प्रतीतून दहा-वीस छायाचित्रे प्रत्यक्ष परत काढून पाहावीत. न उघडलेली प्रत चांगली आहे की नाही, हे कोणालाच माहीत नसते.

शाळेत सुरुवात करायची असेल तर पत्त्याच्या भानगडीत न पडताही करता येते. किविक्स हा प्रोग्रॅम विकिपीडिया साठवून ठेवतो आणि शाळेच्या वाय-फायवर इंटरनेटविना वाचायला देतो. चित्रांसह संपूर्ण इंग्रजी विकिपीडियाला १०० जी.बी.हून अधिक जागा लागते, मराठीला त्याच्या मानाने फारच थोडी. विद्यार्थ्यांची गुणपत्रके किंवा आधार क्रमांक यांना मात्र या यंत्रावर थारा देऊ नये.

आणि राखणदार? शाळेत तो बहुधा एकच हौशी शिक्षक असतो आणि त्याची बदली होते. नव्या शिक्षकाला कपाटामागे दिवा लुकलुकणारी एक डबी सापडते, ती कशाची हे कोणी सांगू शकत नाही, आणि कधीतरी झाडलोट करताना तिची पिन निघते. घरीही वेगळे घडत नाही. सर्व्हर सांभाळणारा माणूस आजारी पडला किंवा गेला, तर कुटुंबाची पंधरा वर्षांची छायाचित्रे त्याच्या सांकेतिक शब्दामागे अडकतात. म्हणून यंत्राची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये असावी. ते काय करते, प्रती कोठे आहेत, बंद पडल्यास कोणत्या क्रमाने सुरू करावे, हे एका पानावर साध्या मराठीत लिहून यंत्राजवळच चिकटवावे. सांकेतिक शब्द त्या पानावर न लिहिता बंद पाकिटात घालून ते पाकीट मुख्याध्यापकांच्या कपाटात, घरी असेल तर दागिन्यांच्या आणि मालमत्तेच्या कागदांबरोबर ठेवावे. शब्द बदलला की पाकीटही त्याच दिवशी बदलावे.