पहिला हार कोणाला?

कार्तिक शुद्ध एकादशी ही पंढरीच्या नामदेवरायांची जन्मतिथी. आणि पुढे चारच दिवसांनी, पौर्णिमेस, गुरू नानकदेवांची जयंती येते. हा केवळ तिथींचा शेजार नव्हे. १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत, आणि तीही रागांनुसार लावलेली. कारण तेथे पद हे गाण्यासाठीच असते.

नानकदेव गात, तेव्हा मुसलमान मिरासी कुळातील मर्दाना रबाबाची साथ करी. शीख परंपरा त्यांना आदराने ‘भाई मर्दाना’ म्हणते. पुढे गुरुदरबारातील गायक-वादक सत्ता आणि बलवंड यांची रचनाही त्याच ग्रंथात विराजमान झाली. साथीदाराला केवढा हा मान!

आम्ही गोंदिया जिल्ह्यात गावोगावी कीर्तने केली. हार आमच्या गळ्यात पडे. मागे उभा असलेला वृद्ध मृदंगी मात्र रिकाम्या गळ्याने घरी परते. आम्हांस त्याचे कधी काही वाटले नाही, हा आमचाच दोष. यंदाच्या एकादशीस पहिला हार मृदंगीबुवांना अर्पण करण्याचा आमचा संकल्प आहे. भाविकहो, आपल्याही देवळात हे घडावे.